साक्षीबाहेरचं बोलणं

७ ऑक्टोबर, मंगळवार

चिखल! साखरेच्या बिटाचे ट्रक शेतातून सरळ महामार्गावर चढतात आणि चाकांना लागलेलं अर्धं शेत रस्त्यावर सोडून जातात. त्यात पाऊस. येताना दोनदा गाडी घसरली. वेंडेलची साखर कारखान्यात पाळी. हंगाम संपेपर्यंत नवऱ्याचं तोंड दिसायचं ते फक्त जेवणाच्या टेबलावर, आणि तेव्हाही आधी येतो तो उकडलेल्या बिटाचा वास, मग वेंडेल.

आज तीन सुनावण्या, तिन्ही दारूच्या. एक पोरगा म्हणाला, "मी प्यायलो नव्हतो मॅडम, माउथवॉशनं चुळा भरल्या होत्या." किती? "बाटली संपली." साक्षीला आलेल्या पोलिसाला हसू आवरेना. मी चेहरा गंभीर ठेवला. पगार त्याचाच मिळतो.

त्याची आई बाहेर भेटली. "तुम्ही जज का?" नाही, सुनावणी अधिकारी. "म्हणजे हो काय?" म्हणजे झगा नाही, हातोडा नाही, टेपरेकॉर्डरसुद्धा स्वतःच चालू करायचा. पण गाडीचा परवाना राहणार की जाणार, ते मी ठरवते. आणि ह्या नॉर्थ डकोटात गाडी गेली की माणूस घरात कोंडला गेला म्हणून समजा. हे तिला सांगितलं नाही. तिला ते माहीतच होतं, म्हणून तर रडत होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुढच्या मंगळवारी ऑस्टरव्होल गावी. सेल्मर विग्डाल, वय एक्क्याऐंशी, शाळेच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर. गाडी रेल्वेच्या रुळांवर उभी दिसली असं शेरीफच्या डेप्युटीनं परिवहन खात्याला कळवलं. खात्यानं परवाना रद्द करायची नोटीस काढली, ह्यांनी सुनावणी मागितली. निकाल लागेपर्यंत तात्पुरता परवाना आहे, म्हणजे गाडी चालूच. डॉक्टरांचं मत: "वयाच्या मानानं थोडं विस्मरण." थोडं म्हणजे किती, ते लिहायला डॉक्टरच विसरले!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नीट लिहून काढायला हवं. आज जे झालं ते कुणाशीच बोलता येणार नाही, वेंडेलशीसुद्धा नाही.

सुनावणी काउंटी कोर्टाच्या तळघरात. विग्डाल सगळ्यांच्या आधी हजर. टाय, चकचकीत बूट, कोटावर सुरक्षित ड्रायव्हिंगचे बिल्ले ओळीनं लावलेले. शेजारी बायको क्लॅरिस. बारीक अंगाची, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली, जशी कुणी ओढून नेणार आहे. समोर डेप्युटी, ट्रेंट लिंडाल. तिशीचा असेल. कमरेला पिस्तूल, पण मान खाली.

"टोपी काढ रे ट्रेंट. आत आलास ना?" विग्डाल म्हणाले.

आणि त्यानं काढली! शपथ द्यायच्या आधीच मला कळलं, हाही ह्यांच्याच बसमधून शाळेत गेलेला.

ट्रेंटची साक्ष: ऑगस्टातली संध्याकाळ. धान्याच्या कोठाराजवळचं क्रॉसिंग, तिथं फाटक नाही. विग्डालांची गाडी उभी, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं.

"पुढची चाकं रुळांच्या पलीकडे होती... मला वाटतं."

"वाटतं, की होती?" मी विचारलं.

"ऊन डोळ्यांवर होतं, मॅडम. मी पोचेपर्यंत त्यांनी गाडी पुढं काढली होती."

विग्डालांना म्हटलं, तुम्हाला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. ते उभे राहिले. कोटाचं बटण लावलं.

"ट्रेंट, शाळेच्या बसनं रुळांपाशी आल्यावर काय करायचं असतं?"

"थांबायचं."

"मग?"

"दार उघडायचं. कान देऊन ऐकायचं."

"आणि पोरांनी?"

"तोंड बंद ठेवायचं, मिस्टर विग्डाल."

"माझं झालं," म्हणाले आणि बसले. वकील लावला असता तरी एवढं जमलं नसतं.

मग स्वतःची बाजू. उगाच लांबण नाही. "चाळीसेक वर्षं मी रुळांपाशी थांबत आलो. दार उघडून ऐकत आलो. आता बस नाही, पण हात आपोआप जातो. मी रुळांच्या अलीकडे थांबलो होतो. अलीकडे! हा माझा आजार नाही मॅडम, ही माझी सवय आहे."

शेवटी क्लॅरिस. शपथ घेतली. माझ्याकडे न बघता टेपरेकॉर्डरकडे बघून बोलली. "मी शेजारच्या सीटवर होते. सेल्मर अलीकडेच थांबला."

"नक्की?"

"नक्की."

टेप बंद केली. मनात निकाल जवळजवळ लागला होता, परवाना परत. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. म्हातारा मला आवडला होता.

मग मी वॉशरूममध्ये गेले. हात धूत होते तर क्लॅरिस आत आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मी आत बोलले ते खरं नाही."

"मिसेस विग्डाल, केसबद्दल इथं माझ्याशी एक शब्दही—"

"रुळांवरच होता तो. मधोमध. मी म्हणतेय, सेल्मर, चल, चल. तर म्हणतो कसा, पोरं कुठायत? पोरं चढली नाहीत अजून."

"बाई, थांबा!" मी हात वर केला. हातावरून पाणी ओघळत होतं.

"पहिल्यांदा नाही झालं हे. त्याच्यासमोर मला नाही हो बोलता येत. त्याच्याकडे एवढंच उरलंय. तुम्ही काढून घ्या त्याच्याकडून. माझं नाव येऊ देऊ नका, पण काढून घ्या."

इथं मी गप्प बसून बाहेर जायला हवं होतं. पण विचारलं. "तुम्हाला गाडी चालवता येते?"

"नाही. शिकलेच नाही कधी. तो होता ना."

बाहेर आले तर विग्डाल भिंतीशी उभे, बायकोचा कोट दोन्ही हातांनी धरून, तिला घालायला. मला म्हणाले, "रस्त्यात चिखल आहे, जपून जा, मॅडम."

१५ ऑक्टोबर, बुधवार

काही लिहिलं नाही. ना टिपण, ना निकाल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नियम इतका सरळ आहे की नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी शिकवते. एक बाजू तुमच्याशी दुसरीच्या पाठीमागे बोलली तर ती जे बोलली ते लिहायचं, फायलीला लावायचं आणि सगळ्या पक्षकारांना कळवायचं. सगळ्या. इथं पक्षकार दोन: खातं आणि सेल्मर विग्डाल.

फिशबाखकडे गेले. आमचा मुख्य अधिकारी. नावंगावं न सांगता विचारलं.

"समज, कुणी तुझ्या कानात काही सांगितलं, आणि ते उघड केलं तर त्या माणसाचं घर मोडेल."

रॉजर फिशबाख चष्मा पुसत म्हणाला, "ऐकलंस का तू?"

"ऐकलं."

"मग प्रश्न काय आहे?"

"मी ऐकलं नसतं तर निकाल वेगळा लागला असता."

"म्हणजे तुला ते वापरायचंय, पण त्या माणसाला उत्तर द्यायची संधी द्यायची नाही." चष्मा लावून माझ्याकडे बघितलं. "इव्हॉन, आपल्याकडे कुणी सुखानं येत नाही. त्यांना निदान एवढं कळायला हवं की त्यांचं काय कशामुळे गेलं."

"आणि मी विसरून गेले तर? ऐकलंच नाही असं समजून निकाल दिला तर?"

"विसरता येईल तुला?"

 मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता. मी निघताना म्हणाला, "घरी जा. भोपळ्याच्या गोड पावाच्या लाद्या केल्यात बायकोनं, घेऊन जा एक." घेतली.

क्लॅरिस शपथेवर खोटं बोलली, हेही आहेच. त्याचं मी काही करणार नाही. करायला हवं का? आज तरी नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

वाट सापडली! पुरावा अपुरा आहे, म्हणून रस्त्यावरची ड्रायव्हिंगची चाचणी घ्या, असा आदेश काढला. मला तो अधिकार आहे. चाचणीत काय ते उघड होईल, क्लॅरिसचं नाव कुठंच यायला नको. टिपणाचं नंतर बघू.

वेंडेल म्हणाला, आज शीळ घालतेयस, काय झालं?

२९ ऑक्टोबर, बुधवार

पास! नुसता पास नाही. परीक्षकानं खाली आपल्या हातानं लिहिलंय: "मीच ह्यांच्याकडून शिकावं." फोन करून विचारलं, कुठं घेतलीत? तर गावातल्या रस्त्यांवर, सकाळी, लखलखीत उन्हात. रेल्वे क्रॉसिंग लागलं होतं का? "हो तर. थांबले, दार उघडलं, ऐकलं. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं!" रुळांच्या अलीकडे? "अर्थात अलीकडे. का हो?"

काही नाही, म्हटलं.

दुखणं असंच असणार. येतं आणि जातं. परीक्षकाला वेळ देऊन नाही येत.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

वेंडेल जेवायला आला तोच सांगत, ऑस्टरव्होलच्या वाटेवर बिटाचा ट्रक आणि मोटारीची टक्कर. मोटारीत म्हातारा होता म्हणे.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "नाव?"

"नाव कोण विचारतंय. तुझ्या ओळखीचं कुणी आहे का तिकडं?"

रेडिओ लावला. गावच्या बातम्या, हवामान, गव्हाचा भाव, आणि मग अपघात. दुसराच माणूस. दुसऱ्याच गावचा. पाय मोडलाय, जिवाला धोका नाही. मी खुर्चीत बसले आणि मला हसू आलं, नको तसं. वेंडेल बघतच राहिला. "अगं, पाय मोडलाय बिचाऱ्याचा!"

ताटातला खिमा-बटाट्याचा हॉटडिश गार झाला. बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं. माझ्या मनात पहिलं नाव विग्डालांचं आलं. म्हणजे माझा निकाल केव्हाच लागलाय. तळघरातल्या खोलीत नाही, वॉशरूममध्ये. फक्त ज्याच्याविरुद्ध लागलाय त्याला तो ठाऊक नाही, आणि तो अजून गाडी चालवतोय. मी बायकोला वाचवत होते असं स्वतःला सांगत होते. वाचवत होते स्वतःला.

१ नोव्हेंबर, शनिवार

टिपण लिहिलं. तिचे शब्द जसेच्या तसे. "पोरं चढली नाहीत अजून" हेही. माझा गाडी चालवता येते का हा प्रश्नही, कारण तो मी विचारायला नको होता.

३ नोव्हेंबर, सोमवार

टिपण आणि नोटीस रवाना, खात्याला आणि विग्डालांना. सुनावणी पुन्हा उघडली. तोपर्यंत तात्पुरता परवानाही थांबवला. ट्रेंट लिंडालला सांगून ठेवलं, किल्ल्या मागायच्या नाहीत, फक्त बघायला जायचं. तो म्हणाला, "मी रोज जातो, मॅडम."

६ नोव्हेंबर, गुरुवार

क्लॅरिस विग्डालचा फोन. मी लगेच म्हटलं, मला तुमच्याशी बोलता येणार नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी केसचं नाही बोलत. त्यानं ते माझ्यादेखत वाचलं. टपाल नेहमी तोच आणतो ना." मग म्हणाली, "तुम्ही मला आधी सांगायचं तरी होतं."

ठेवला तिनं.

तो फोनही टिपून ठेवला. नियम.

सांगायला हवं होतं का? कसं सांगणार होते? सांगितलं असतं तर तेही पाठीमागचंच झालं असतं. हे सगळं खरं आहे, आणि तरीही तिचं बरोबर आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तीच खोली. बाहेर बर्फ. शेजाऱ्याच्या गाडीतून आले दोघं. तोच टाय, पण बिल्ले नाहीत. मागच्या वेळी खुर्च्या जोडून होत्या, आज विग्डालांनी आपली खुर्ची ओढत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली. पायांचा कर्कश आवाज झाला.

टेप लावली. टिपण मोठ्यानं वाचायचा नियम नाही, पण वाचलं. मी ऐकलं तर त्यांच्या तोंडावर सांगायला हवं, असं वाटलं. क्लॅरिसनं डोळे मिटून घेतले होते.

"हे कुठं बोलली ही?" विग्डालांनी मला विचारलं.

"वॉशरूममध्ये."

"संडासात," ते म्हणाले. "चौपन्न वर्षं संसार केला, आणि माझ्याविरुद्धची साक्ष संडासात!"

कुणी हसलं नाही.

क्लॅरिसला पुन्हा शपथ दिली. बजावलं, ह्या खेपेला उत्तर द्यायचं नसेल तर वकील मागू शकता. तिनं नको म्हणून मान हलवली. सांगितलं सगळं. ऑगस्टचं, आणि त्याच्याआधीचं: चर्चहून परत येताना शाळेच्या मैदानात नेऊन गाडी उभी केली होती, शाळा सुटायची वाट बघत. आणि एकदा दुसऱ्याच काउंटीत पोचले, तेव्हा पेट्रोल पंपावरच्या बाईनं वाट सांगितली.

"मला विचारता येईल ना हिला?"

"येईल."

विग्डाल उभे राहिले, टेबलाचा कोपरा धरून. तिला नावानं हाक नाही मारली.

"बाई, त्या दिवशी मी नुसतं पोरं म्हणालो, की नावं घेतली?"

"सेल्मर—"

"साक्षीदारानं उत्तर द्यावं."

"नाव घेतलंस."

"कुणाचं?"

ती ट्रेंटकडे बघायला लागली. ट्रेंट टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"ट्रेंटचं. म्हणालास, लिंडालांचा ट्रेंट अजून घरातून निघाला नाही. त्याची आई सकाळच्या पाळीला जाते, पोराला कुणी उठवत नाही. आपण गेलो तर पायी येईल एवढ्या थंडीत. थांबू जरा." तिनं पर्स घट्ट धरली. "ऑगस्ट होता, सेल्मर. मी मागं बघत होते, गाडी येतेय का ते. आगगाडी."

ट्रेंटनं तोंड भिंतीकडे केलं. कानापासून मानेपर्यंत लाल झाला होता.

विग्डाल उभेच. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला ह्यातलं काही आठवत नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती ऐकली मी. "काहीच नाही. शाळेचं मैदान नाही, तो पंप नाही, काही नाही." मग ट्रेंटकडे वळले. "आई बरी आहे ना रे तुझी?"

ट्रेंटनं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार?

"आई गेली, मिस्टर विग्डाल. दोन वर्षं झाली. तुम्ही खांदा दिला होतात तिला."

टेप फिरत होती.

"हो," विग्डाल म्हणाले. "हो, हो." आणि बसले. मग पाकीट काढलं, तात्पुरता परवाना काढून टेबलावर ठेवला. त्याची मुदत मीच संपवली होती, त्याला आता काही किंमत नव्हती. तरी ठेवला. "पण तिनं मला घरी सांगायचं," ते मला म्हणाले. तिला नाही, मला. "घरी, स्वयंपाकघरात. मी ऐकलं असतं."

"नसतं ऐकलंस," क्लॅरिस म्हणाली. "मी सांगितलं होतं. तीन वेळा. तुला आठवत नाही."

कोट मात्र आज ट्रेंटनं धरला तिचा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

निकाल दिला. परवाना रद्द. लिहायला सोपा गेला, सगळं नोंदीत होतं, कुठं हात आखडावा लागला नाही. फिशबाखनं वाचून परत दिला. "स्वच्छ आहे," म्हणाला. त्याच्याकडून ही मोठी शाबासकी. 

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. वेंडेलचे सगळे नातेवाईक. टर्की कोरडी झाली. सासूबाई म्हणाल्या, "एवढी शिकलेली, पण टर्की काही जमली नाही." त्यांना स्वतःला डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि अजून गाडी चालवत येतात. वेंडेलनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. गप्प बसले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गप्प नाही बसवलं. सकाळी त्या निघाल्या तेव्हा मीच चावी घेतली, "मी सोडते तुम्हाला" म्हणून.  दारात उतरताना म्हणाल्या, "मला काय ते तोंडावर सांगत जा." सांगितलं. दार आपटून आत गेल्या. वेंडेलला फोन करून रडल्या, म्हणे. तो माझ्यावर चिडलाय, पण आईला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ त्यानंच घेतली.

९ डिसेंबर, मंगळवार

ऑस्टरव्होलला एक दारूची केस. पोरानं कबूलच केलं, लवकर आटपलं. कॅफेत गेले तर वाढणाऱ्या बाईनं कॉफी ठेवली ती कपाबाहेर सांडेल अशी. नेहमी हवापाण्याच्या चार गोष्टी बोलते. आज म्हणाली, "मला त्यांनीच नेलं हो शाळेत, बारा वर्षं. हिमवादळात आमच्या दारात यायचे, पाय गरम व्हावेत म्हणून पुढच्या सीटवर बसवायचे."  टीप ठेवली, तीही चुकल्यासारखी वाटली.

ट्रेंट येऊन समोर बसला. केस संपलीय, बोलायला हरकत नव्हती.

"कसे आहेत?"

"तळघरात झोपतात. तिच्याशी बोलत नाहीत. ती ताट ठेवते, हे उचलून खाली घेऊन जातात. रविवारी मी तिला चर्चला नेतो, कॉयरच्या गाण्याच्या सरावाला गुरुवारी कुणी ना कुणी नेतं. ते माझ्या गाडीत बसत नाहीत. म्हणतात, प्रवासी म्हणून बसायची सवय नाही." मग विचारलं, "मी कळवलंच नसतं तर, मॅडम?"

"तर?"

खिडकीतून धान्याचं कोठार दिसतं. तिकडं बघत म्हणाला, "तर मालगाडीनं कळवलं असतं."

परतताना कोठारापाशी मीही थांबले. रुळांच्या अलीकडे. दार नाही उघडलं, काच खाली केली. वारा, बाकी काही नाही. चौपन्न वर्षं एकमेकांशी बोलत आलेली दोन माणसं एकाच घरात वर आणि खाली. नियम बरोबर, निकाल बरोबर, आणि हे.

२३ डिसेंबर, मंगळवार

नाताळच्या लेफ्से लाटल्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, गोल एकही नाही. सासूबाईंना मोतीबिंदू. जानेवारीत शस्त्रक्रिया, तोवर गाडी बंद. माझ्याशी बोलायला लागल्यात, म्हणजे लेफ्सेंना नावं ठेवली.

१५ जानेवारी, गुरुवार

क्लॅरिस विग्डालचा फोन. अपिलाची मुदत केव्हाच गेली, म्हणून घेतला.

सेल्मर वर झोपायला आलाय, म्हणाली. पहिली सुनावणी त्याला आठवते. दुसरी नाही. परवाना कसा गेला ते त्याला कळत नाही. काल जेवताना तिचा हात धरून म्हणाला, "सगळे उलटले, क्लॅरिस. माझ्या बाजूनं बोललीस ती तू एकटी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणणार?"